पॉइंट टू-टूची रायफल निवडताना: दहा गोळ्यांचा हिशेब

कॅनडाच्या जेराल्ड वेलेटने १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर प्रोन, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या रायफल स्पर्धेत ६० गोळ्या झाडल्या आणि साठही दहाच्या वर्तुळात घातल्या. ६०० पैकी ६०० गुण आणि सुवर्णपदक. रायफल मात्र त्याची नव्हती. संघातला सोबती गिल बोआ याची एकच रायफल दोघांनी पाठोपाठ वापरली, आणि बोआला कांस्य मिळालं. (पुढे मैदान मोजलं तेव्हा अंतर सुमारे दीड मीटर कमी भरलं, त्यामुळे विश्वविक्रमाची नोंद झाली नाही. पदक राहिलं.)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, त्यालाही हेच काडतूस लागतं: पॉइंट टू-टू लाँग रायफल. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, तीही याच काडतुसावर. कॅनडातल्या क्लबांमध्ये नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा बहुधा हेच देतात, कारण धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी आणि खर्च त्यातल्या त्यात परवडणारा. त्यामुळे ‘अचूक रायफल कुठली घ्यावी?’ हा प्रश्न लवकरच येतो. माझं उत्तर थोडं उलट्या बाजूने सुरू होतं: आधी अचूकता मोजायची कशी ते ठरवा.

दुकानात किंवा जाहिरातीत एक कागद दाखवतात. त्यावर तीन भोकं एकमेकांत मिसळलेली असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘एक मिनिटाच्या आत’. हे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. ५० मीटरवर तो साधारण १४.५ मिलिमीटर भरतो. कागद खोटा नसतो, पण तीन गोळ्या फार कमी सांगतात. गोळ्या कागदावर यादृच्छिकपणे विखुरतात असं मानलं, तर सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं सरासरी अंतर गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढत जातं. विखुरण्याचं एक एकक (प्रमाण विचलन) धरलं, तर ३ गोळ्यांत ते सुमारे २.४, ५ गोळ्यांत ३.१ आणि १० गोळ्यांत ३.८ एकक येतं. म्हणजे तीच रायफल, तीच काडतुसं, तोच माणूस, पण तीन गोळ्यांचा पुंजका दहाच्या पुंजक्याच्या जेमतेम ६३ टक्के दिसतो. त्यात दहा पुंजक्यांतला सर्वांत देखणा तेवढा दाखवला, तर मग बोलायलाच नको. रायफलींची तुलना करायची तर प्रत्येकीतून दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन-चार पुंजके घ्या आणि सगळे मोजा, वाईटही.

आता काडतुसाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. दिवाळीतली टिकली आठवा: ठोका बसला की फुटणारी. मोठ्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी अशी एक वेगळी टिकली बसवलेली असते. पॉइंट टू-टूमध्ये तसं नसतं. तिथे तो स्फोटक लगदा पितळी बुडाच्या पोकळ काठात गरागरा फिरवून पसरवतात आणि रायफलची पिन त्या काठावरच आपटते. म्हणून हे ‘रिमफायर’. काठात लगदा सगळीकडे सारखा पसरला नाही, तर दारू पेटण्याची रीत प्रत्येक काडतुसात थोडी बदलते आणि गोळीचा वेगही बदलतो.

या बदलाची किंमत काढून पाहू. गोळी ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघाली, तर ५० मीटर पार करायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साडेबारा सेंटिमीटर खाली येते. पुढची ३१५ने निघाली, तर ती आणखी ७-८ मिलिमीटर खाली बसते. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर आहे. म्हणजे वेगातल्या ३ टक्के फरकाने जवळजवळ अख्खा एक गुण जाऊ शकतो, नेमबाजाचा काहीही दोष नसताना. १०० मीटरवर हाच फरक चौपट होतो. कोणतीही महागडी नळी हे पूर्ण दुरुस्त करू शकत नाही.

वेगवान काडतुसं घेतली तर? इथे बरेच जण फसतात. ‘हाय व्हेलॉसिटी’ गोळी ३८० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि वाटेत हळू होत होत ध्वनीच्या वेगाखाली येते. या संक्रमणात हवेचा दाब गोळीभोवती विषम होतो आणि ती डगमगू शकते. शिवाय ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो, म्हणून बाजूच्या वाऱ्याने ही वेगवान गोळी संथ गोळीपेक्षा जास्त ढकलली जाते. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण वाऱ्याचा परिणाम गोळी हवेत किती वेळ होती यावर ठरत नाही. अडथळ्यामुळे तिला किती उशीर झाला यावर ठरतो. संथ गोळीलासुद्धा ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर दीड-दोन सेंटिमीटर सरकवतो. म्हणून लक्ष्यवेधासाठी ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ किंवा ‘मॅच’ काडतुसंच घ्यावीत.

एवढं झाल्यावर रायफल. बोल्ट-ॲक्शन यासाठी की गोळी सुटते त्या क्षणी यंत्रणेत काही सरकत नाही. खटका हाताने बंद केलेला असतो, तो हाताने उघडेपर्यंत बंदच. नळीच्या लांबीचा मोह नको. या काडतुसात दारू इतकी थोडी असते की साधारण ४०-४५ सेंटिमीटरमध्ये तिचं काम संपतं. लांब नळीने साध्या दर्शिकांमधलं अंतर वाढतं, दुर्बीण लावली तर तोही फायदा नाही. जाड नळी बरी, कारण ती कमी कंप पावते आणि वजनामुळे रायफल स्थिर राहते. नळीचं तोंड मात्र नीट पाहा: गोळी बाहेर पडताना तिच्यामागचा वायू सर्व बाजूंनी एकदमच सुटला पाहिजे, तिथे एक टवका उडालेला असला तरी गोळी कलते.

सर्वांत कमी बोललं जाणारं, पण महत्त्वाचं म्हणजे काडतूस बसतं तो कक्ष. शिकारीच्या रायफलमध्ये तो जरा सैल ठेवतात, म्हणजे कुठलंही काडतूस पटकन आत जातं. मॅच कक्षात शिसाची गोळी नळीतल्या पिळांना आधीच टेकते, त्यामुळे ती प्रत्येक वेळी सरळच निघते. चेक बनावटीच्या सीझेड ४५७चे काही प्रकार मॅच कक्षाचे आहेत आणि तिची नळी घरी बदलता येते. सॅव्हेजची मार्क टू स्वस्त पण भरवशाची. ती कित्येक वर्षं ऑन्टारिओतल्या लेकफिल्डला बनत आली आहे. फिनलंडची टिक्का टी-वन-एक्स या दोघींच्याच पंगतीतली. जर्मनीतल्या उल्मची आन्शुट्झ ही स्पर्धेची रायफल, किंमत कित्येक पट. कोबर्गच्या कूई कारखान्याच्या जुन्या एकबारी रायफली इथल्या शेतघरांत अजून सापडतात. शिकायला त्या झकास, दहाच्या वर्तुळासाठी नव्हेत.

माझं मत विचाराल तर पहिल्या तिघींपैकी जिचा दस्ता तुमच्या खांद्याला आणि गालाला बसेल ती घ्या, हलका आणि दरवेळी सारखाच सुटणारा चाप पाहा, आणि उरलेले पैसे काडतुसांत घाला. चार-पाच प्रकारांचं एकेक खोकं आणा, उदाहरणार्थ सीसीआय स्टँडर्ड, एसके, इली, लापुआ. काडतूस बदललं की त्याचं मेण नळीत बसायला पंधरा-वीस गोळ्या जाऊ द्या, मग दहाचे पुंजके मोजा. जे जमेल त्याच्या खोक्यावरचा लॉट क्रमांक पाहून त्याच लॉटची मोठी पेटी घ्या. पुढच्या लॉटला तीच रायफल रुसू शकते. अव्वल खेळाडू तर स्वतःची रायफल कंपनीच्या चाचणी केंद्रात नेऊन लॉट निवडतात.

दुर्बिणीचं एक बारकं. शेजारच्या सीटवरून गाडीचा वेगकाटा वेगळाच आकडा दाखवतो, तसा डोळा हलला की दुर्बिणीतला क्रॉस लक्ष्यावरून सरकतो. मोठ्या रायफलींच्या बऱ्याच दुर्बिणी १०० यार्डांना जुळवलेल्या असतात. ५० मीटरसाठी ही जुळणी बदलता येणारी दुर्बीण हवी.

कायदा थोडक्यात: सुरक्षा अभ्यासक्रम, मग पीएएल परवाना, आणि पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यासाठी किमान २८ दिवसांची प्रतीक्षा. सोबत राहणाऱ्या जोडीदाराला अर्जाची कल्पना दिली जाते, तेव्हा घरात आधी बोला. साधी बोल्ट-ॲक्शन टू-टू ‘नॉन-रिस्ट्रिक्टेड’ वर्गात येते, पण मे २०२०पासून याद्या बदलत आल्या आहेत, म्हणून मॉडेल आरसीएमपीच्या तक्त्यात तपासून घ्या. परवाना नसतानाही परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली क्लबात गोळ्या झाडता येतात. विकत घेण्याआधी हे कराच. घरी रायफल रिकामी आणि कुलपात, काडतुसं वेगळी किंवा कुलपात. मुलं सोबत असतील तर रेंजवरून आल्यावर शिशाचे हात धुतल्याशिवाय कुणीही डब्याला हात लावायचा नाही.

आणि थंडी. ध्वनीचा वेग २० अंशांना ३४३ मीटर प्रति सेकंद, शून्याला ३३१, आणि अल्बर्टातल्या उणे २०ला सुमारे ३१९. जुलैमध्ये ध्वनीच्या आत निवांत जाणारी ३२५ची गोळी जानेवारीत ध्वनीच्या सीमेवर येऊ शकते. दारूही गारठून थोडी मंदावते आणि मेण घट्ट होतं, त्यामुळे नेमकं काय होईल हे प्रत्येक रायफलीत वेगळं. उन्हाळ्यात निवडलेला लॉट हिवाळ्यात पुन्हा मोजून पाहावा लागतो, म्हणून प्रत्येक कागदावर तारीख आणि लॉटसोबत तापमानही लिहून ठेवा.