कमी आकडा म्हणजे कमी कर्करोग?

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या 2020 सालच्या अहवालात दोन टोकांचे आकडे आहेत. मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांमध्ये दर लाखामागे वर्षाला 269.4 नवे कर्करुग्ण. आपल्या उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि बीड जिल्ह्यांत मात्र अवघे 39.5. वयोरचनेतला फरक काढून टाकून हे दर मांडलेले आहेत, म्हणजे वरवर तरी तुलना करण्याजोगे. मग मराठवाड्यात कर्करोग खरेच इतका कमी आहे, की काही रुग्ण नोंदवहीपर्यंत पोहोचतच नाहीत?

दोन्ही काही अंशी खरे असू शकते. ईशान्येत तंबाखूचे प्रमाण मोठे आहे, आणि आपल्या ग्रामीण भागात स्तनाचा कर्करोग शहरांपेक्षा कमी आढळतो. पण ज्याचे निदानच झाले नाही, त्याची नोंद कुठून होणार?

नोंदणीचे काम कष्टाचे आहे. मुंबईत ते 1963 पासून, बार्शीच्या ग्रामीण भागात 1987 पासून चालू आहे. कर्मचारी रुग्णालये, पॅथॉलॉजी लॅब आणि मृत्यूनोंदणी कार्यालयांत स्वतः जाऊन कागद चाळतात. एकच रुग्ण बीड, बार्शी आणि मुंबई अशा तीन ठिकाणी, नावाच्या तीन स्पेलिंगांसह सापडतो. तो एकदाच मोजायचा असतो.

या नोंदी किती विश्वासार्ह आहेत, हे तपासण्याच्या काही खुणा आहेत. पहिली, किती रुग्णांचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्के झाले. हे प्रमाण जास्त असणे चांगले. पण ते शंभर टक्क्यांच्या जवळ गेले की मला शंका येते. फुप्फुस, यकृत, स्वादुपिंड किंवा मेंदूच्या कर्करोगात कित्येकदा तुकडा काढून तपासणे शक्यच नसते. सगळ्याच नोंदी बायोप्सीच्या असतील, तर बहुधा फक्त लॅबची रजिस्टरे चाळली गेली आणि हे रुग्ण सुटले.

दुसरी खूण, केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेले रुग्ण. ते खूप असतील तर जिवंतपणी नोंद निसटली, हे उघड आहे. एकही नसेल तर मात्र लगेच आनंद मानू नये; दाखले पाहिलेच गेले नसतील. तिसरी खूण, मृत्यू आणि नवे रुग्ण यांचे गुणोत्तर. मृत्यू प्रमाणाबाहेर जास्त दिसले, तर रुग्ण मोजायचे राहिले असे समजतात.

भारतात ही तपासणी इथेच अडते. 2020 मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी फक्त 22.5 टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. त्यातही आम्ही डॉक्टर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ असे लिहून मोकळे होतो. अहो, ती तर प्रत्येकाचीच बंद पडते! मूळ आजार जठराचा कर्करोग होता, हे त्या ओळीखाली लिहिले नाही तर मृत्यूही निसटतो आणि रुग्णही. मग गुणोत्तर कागदावर ठाकठीक दिसते.

पत्त्याचे दुखणे वेगळेच. ओपीडीत केसपेपर काढताना नातेवाईक सोयीसाठी मुंबईतल्या भाच्याचा पत्ता देतात. नोंदणीच्या नियमानुसार रुग्ण किमान वर्षभर राहतो ते ठिकाण धरायचे असते. चुकीच्या पत्त्याने गावचा आकडा एकाने घटतो, मुंबईचा वाढतो. केसपेपरवर गावचा पत्ता द्या आणि मुंबईचा फक्त फोन नंबर. उपचारात त्याने काही अडत नाही.