जुना पोकलेन मंदावतो तेव्हा



जमाखर्चाचा तक्ता वाचून काही वाचकांनी विचारले, "पोकलेनच्या दुरुस्तीवर एवढा खर्च का होतो?" प्रश्न रास्त आहे. यंत्रांची देखभाल माझ्याकडे असल्याने उत्तर मीच देतो.

पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपल्याकडे मात्र चेनवर चालणाऱ्या प्रत्येक खोदाई यंत्राला ते चिकटले आहे. धडगावच्या डोंगरातील पाड्यांवर शेततळी खोदण्याचे काम पावसाआधी उरकावे लागते. तळे अर्धवट राहिले, तर पुढच्या उन्हाळ्यात बायकांना पुन्हा हंडे घेऊन दरी उतरावी लागते. म्हणून मशीन मंदावले की सगळ्यांची घाई होते, आणि घाईत पहिला सल्ला मिळतो, "पंप गेला, बदलून टाका." पंप हा सर्वांत महाग भागांपैकी एक. दोष दुसरीकडेच असेल, तर नवा पंप बसवूनही मशीन तसेच राहते आणि आपली देणगी वाया जाते.

या यंत्राची ताकद तेलाच्या दाबात असते. इंजिन पंप फिरवते, पंप टाकीतले हायड्रॉलिक ऑइल ओढतो आणि कंट्रोल व्हॉल्व ते हव्या त्या सिलिंडरकडे किंवा मोटरकडे पाठवतो. मोठ्या मशीनमध्ये हा दाब ३०० बारच्याही पुढे जातो. मोटारीच्या टायरमधील हवेच्या शंभरपटीहून अधिक.

म्हणून मी ऑपरेटरला आधी एकच प्रश्न विचारतो, "सगळेच मंद झाले आहे, की एकच हालचाल?"

सगळेच मंद असेल, तर दोष सर्वांना सामायिक असलेल्या भागात शोधायचा. आधी ऑइलची पातळी पाहतो, मग रंग. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. फेस येत असेल आणि पंप ओरडत असेल, तर सक्शन पाइपातून हवा ओढली जात आहे; कधी एक सैल क्लॅम्पही त्याला पुरतो. नंतर सक्शनची जाळी आणि फिल्टर. फिल्टरमध्ये धातूचा चुरा सापडला, तर मात्र पंप किंवा मोटर झिजते आहे असे समजावे. सकाळी जोर असतो आणि ऑइल तापले की जातो, हेही बहुधा आतल्या झिजेचे लक्षण. तरीही गेज लावून दाब मोजल्याशिवाय पंप उतरवायचा नाही.

एकच हालचाल बिघडली असेल, तर मुख्य पंपावर संशय घेण्याचे कारण सहसा नसते. उचललेला बूम आपोआप खाली बसत असेल, तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व तपासावा. बूम, बकेट ठीक आणि दोन्ही चेन मात्र कमजोर असतील, तर मधल्या सेंटर जॉइंटचे सील पाहावे. सील किटचा खर्च पंपापुढे किरकोळ असतो.

आमच्या तरुण मदतनिसांना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो: गळती हाताने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडणारे ऑइल कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही. पण वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट किंवा हातही गमवावा लागू शकतो. लगेच रुग्णालयात जा आणि "दाबाचे ऑइल शिरले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठा वापरा. पाइप उघडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे दाब सोडा.

तेव्हा पुढील तक्त्यात फिल्टर, ऑइल, होज आणि सील यांचे आकडे दिसले, तर ते वायफळ समजू नका. या किरकोळ खर्चामुळेच मोठा खर्च टळतो. आपल्या मंडळीत कोणी हायड्रॉलिकचे काम जाणणारे असतील, तर त्यांनी एप्रिलमध्ये चार दिवस आमच्याकडे यावे. राहण्या-जेवण्याची सोय आम्ही करू. आमच्या मुलांना गेज वाचायला शिकवणारे कोणी हवे आहे.