हीटर थंड पडला? मे महिना आठवा!

चंद्रपुरात गाडीच्या हीटरचं नाव काढलं की लोक हसतात. मे २०१९ मध्ये आपल्याकडे पारा ४८ अंशांवर गेला होता. इथे हीटर कशाला? पण मैत्रिणींनो, जानेवारीच्या पहाटे मूल-सावलीमार्गे गडचिरोलीला निघा. मांडीवर लेकरू असतं, काच आतून धुरकटते, समोरचं दिसत नाही. तेव्हा हीटरची किंमत कळते.

गेल्या हिवाळ्यात बचत गटाच्या कामासाठी आम्ही चौघी अशाच निघालो होतो. बटण पार लाल खुणेपर्यंत फिरवलं, तरी हवा गारच! ड्रायव्हरदादा म्हणाले, "ताई, एसीचा गॅस संपला असेल, भरून घ्या." आपले पैसे वाया जातात ते असे. पेट्रोल-डिझेल गाडीच्या हीटरचा त्या गॅसशी काही संबंध नाही. इंजिन थंड ठेवायला जे कूलंट फिरतं, तेच गरम होऊन डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून जातं आणि पंखा ती ऊब आत ढकलतो. म्हणजे हीटर थंड, तर बहुधा कूलंटच्या वाटेतच काहीतरी बिघाड.

घरच्या घरी काय बघायचं? आधी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. इंजिनच गार असेल तर ऊब येणार कुठून? मग तापमानाचा काटा बघा. बरंच अंतर गेल्यावरही तो खालीच असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा तो गाडीत नाहीच. गाडी तापू नये म्हणून उन्हाळ्यात तो काढून टाकणारे मिस्त्री असतात. आमच्या गाडीचं तेच निघालं, आधीच्या मालकाकडे असतानाच तो गेला होता. अशाने इंजिन नीट गरम होत नाही, इंधन जास्त जातं आणि झीजही वाढते.

दुसरं, गाडी पूर्ण गार असताना बॉनेट उघडून कूलंटची बाटली बघा. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर भरा. पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर नक्की गळती आहे. पायाखालचा गालिचा ओला आणि गोडसर वास, तर ती जाळीच गळतेय. काटा आणि बाटली दोन्ही ठीक असतील, तर जाळी तुंबलीय, आत हवा अडकलीय किंवा डॅशबोर्डमधली झडप बिघडलीय. ते काम मिस्त्रीचं.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. आणि कूलंट विषारी असतं, चवीला गोडसर. मुलं आणि जनावरांपासून दूर ठेवा.

बोअरचं पाणी तर ओतूच नका. आपल्या पातेल्यांना पांढरा थर धरतो ना, तसाच तो त्या बारीक जाळीत धरतो.

कूलंट कमी असेल, तर हिवाळ्यात फक्त हात गारठतात. मे महिन्यात मात्र तीच गाडी जंगलाच्या रस्त्यात, भर दुपारी, वाफ सोडत उभी राहते. थंड हीटर हा उन्हाळ्याचा आगाऊ निरोप आहे, बरं का! तेव्हा यंदा संक्रांतीच्या वाणाची यादी करताना गाडीच्या बाटलीकडेही एक नजर टाका.