सुचलेलं नव्हे, लिहिलेलं जॅझ

जॉर्ज गर्श्विनने १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ पहिल्यांदा वाजवली, तेव्हा पियानोचा काही भाग कागदावर उतरलेलाच नव्हता. तो त्याने आयत्या वेळी वाजवला. निकोलाय कापुस्तिन या रशियन संगीतकाराच्या कागदावर अशी कोरी जागा सापडत नाही. कानाला सगळं जॅझच वाटतं. डाव्या हाताचा चालता बास, उजव्या हाताच्या उधळलेल्या लकेरी, तालाला चकवणारे आघात. पण त्यातला एकही स्वर वादकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. ख्यालगायकाने आपल्या सगळ्या ताना आधीच स्वरलिपीत बांधून ठेवाव्यात आणि तरी त्या ताज्या वाटाव्यात, तसं काहीसं. आपण जॅझ वादक कधीच नव्हतो, असं कापुस्तिन स्वतः सांगायचा. आयत्या वेळच्या वादनाचं त्याला आकर्षण नव्हतं. लिहून काढलं की ते अधिक चांगलं होतं, असं त्याचं म्हणणं.

हा हट्ट कुठून आला, ते त्याच्या नोकऱ्यांकडे पाहिलं की कळतं. जन्म १९३७चा, युक्रेनमधला. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत गुरू अलेक्सांदर गोल्डनवायझर, म्हणजे टॉलस्टॉयच्या घरी पियानो वाजवणारे आणि त्याच्याशी बुद्धिबळ खेळणारे गृहस्थ. शिक्षण इतकं जुन्या वळणाचं. पण विद्यार्थी असतानाच, १९५७च्या मॉस्को युवक महोत्सवात, कापुस्तिनने स्वतःची जॅझच्या अंगाची रचना वाजवली होती. १९६१ला पदवी घेऊन तो मैफलींच्या मागे न लागता ओलेग लुंडस्ट्रेमच्या बिग बँडमध्ये शिरला. या बँडची कथाही वेगळीच. १९३४ साली चीनमधल्या हार्बिनमध्ये रशियन तरुणांनी तो उभा केला, शांघायमध्ये नाव कमावलं आणि १९४७ला सगळा ताफा सोव्हिएत संघात परतला. कापुस्तिन तिथे ११ वर्षं होता. पुढे चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात.

माझ्या मते त्याची खरी शाळा हीच. बिग बँडमध्ये एकट्याची करामत थोडी, लिहिलेलं काम फार. ट्रम्पेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोन यांचे ताफे एकमेकांना उत्तर देतात, आणि ते सगळं आधीच कागदावर ठरलेलं असतं. कापुस्तिनचा पियानो ऐकताना हे ताफे दहा बोटांत कोंबल्यासारखे वाटतात.

१९७७च्या ‘जुन्या शैलीतला सुइट’मध्ये सांगाडा थेट बाखचा आहे: आलमांड, गाव्होत, साराबांद, बुरे, जिग. त्यात भरलेली स्वरसंगती आणि लय मात्र जॅझची. सांधा कुठे आहे, ते शोधूनही सापडत नाही. १९८४च्या आठ एट्यूडमध्ये तो शॉपाँ-लिस्टच्या परंपरेतली बोटांची कसरत घेऊन तिच्यात बूगी-वूगी ओततो. १९९७मध्ये तर बाखसारखेच चोवीसही स्वरपट्ट्यांत प्रेल्यूड आणि फ्यूग लिहिले. फ्यूगमध्ये एकच धून एकामागून एक आवाज उचलतात, म्हणजे जॅझच्या मोकळेपणाच्या अगदी उलट शिस्त. तिथेही तो रमतो. वीस सोनाटांपैकी काही मला दमवतात, हेही सांगायला हवं; स्वरांची इतकी गर्दी की श्वास घ्यायला फट नाही.

तो २०२०मध्ये वारला. पाश्चात्त्य देशांत त्याचं नाव झालं ते फार उशिरा, स्टीव्हन ऑस्बोर्न (२०००) आणि मार्क-आंद्रे आमलँ (२००४) यांच्या ध्वनिमुद्रणांनंतर. दोघेही अभिजात पियानोवादक, हे ओघानेच आलं: जॅझवाल्याला इथे स्वतःचं घालायला जागाच नाही. आमलँची सफाई थक्क करते. पण सुरुवात कापुस्तिनने स्वतः वाजवलेल्या एट्यूडपासून करावी. लिहिलेलंच वाजतं आहे, हे माहीत असूनही कान फसतो.