खरवसाचा विलायती मावसभाऊ

‘कस्टर्ड’ म्हटले की मराठी घरात डोळ्यांसमोर येते ते पिवळेधमक दूध आणि त्यात पोहणारी केळी, द्राक्षे, डाळिंबाचे दाणे. वाढदिवसापासून भिशीपर्यंत या फ्रूट कस्टर्डने आपले बस्तान केव्हाच बसवले आहे. पण ते दूध दाट होते ते मक्याच्या स्टार्चने! १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याने ही पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला अंडी सोसत नसत. तिच्या पथ्याची ही सोय पुढे आपल्याकडच्या शाकाहारी घरांना फार मानवली.

खरे कस्टर्ड दूध आणि अंड्याचे. भांड्याच्या तळाशी जळक्या साखरेचा पाक ओतून, वर हे मिश्रण घालून मंद आचेवर भाजले, की झाले कॅरॅमल कस्टर्ड. फ्रेंचांचे क्रेम कारामेल, स्पॅनिशांचा फ्लान, पोर्तुगीजांचे पुदिम ही सगळी त्याच घराण्यातली. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ते अजून आवडीने होते. इंग्रजांच्या काळात डाक बंगल्यातल्या खानसाम्यांनी ते गावोगाव पोचवले. पारशांनी तर दूध आटवून, जायफळ-वेलची घालून ते आपल्या लग्नाच्या पंगतीत बसवले. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या ‘ब्रिटानिया’त आणि पुण्यात डेक्कनवरच्या ‘गुडलक’मध्ये ते खाल्लेली मंडळी पुष्कळ. ती घरी येऊन त्याचे वर्णन करीत, पण घरी करायचा विषय निघाला की अंडे आडवे येई. ज्या घरात अंड्याचे पातेले गॅलरीत वेगळे ठेवले जाई, तिथे ते गोडाच्या पदार्थात घालणार कोण?

आता तो अडसर बराच कमी झाला आहे. आम्ही राहतो त्या माणच्या बाजूला, हिंजवडीच्या आयटी पार्कलगत, उंच इमारती झाल्या. त्यांतल्या स्वयंपाकघरांत ओव्हनही दिसतात. (त्यात बहुधा तवे आणि जास्तीची झाकणे ठेवलेली असतात, ती गोष्ट वेगळी.) या इमारतींच्या मागे मुळशीतली जुनी वस्ती अजून आहे, आणि तिथे म्हैस व्यायली की चीक मिळण्याची आशा असते. कॅरॅमल कस्टर्ड शिकवायचे तर मी खरवसापासूनच सुरुवात करतो. चिकातली प्रथिने उष्णतेने घट्ट होतात, म्हणून खरवस थिजतो. कस्टर्डमध्ये तेच काम अंडे करते. ज्या घरात खरवस लुसलुशीत होतो, त्या घरात कस्टर्ड बिघडण्याचे कारण नाही.

चिकाचा विषय निघालाच आहे, तर थोडे स्पष्ट लिहितो. गाई-म्हशींच्या पिलांना रोगप्रतिकाराची शक्ती गर्भात मिळत नाही. ती चिकातून मिळते, आणि तीही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत. पुढे ती आतड्यातून शोषली जाणेच थांबते. आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशींना हे शास्त्र कुणी शिकवलेले नाही, पण पारडू पोटभर प्यायल्याशिवाय त्या कुणाला चीक देत नाहीत. पूर्वी खरवस वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, शेजारधर्म म्हणून घरी यायचा. आता तो दुकानात बाराही महिने लागतो. त्यातल्या किती वड्या पारडाच्या वाट्यातून आल्या, असा प्रश्न मला पडतो. खरवसाची तल्लफ आली तर कस्टर्ड करावे, असे मला वाटते त्याचे हे एक कारण.

आता कृती. पाव किलो साखरेतली अंदाजे १०० ग्रॅम पाकासाठी काढावी. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे पाण्याबरोबर ती मध्यम आचेवर ठेवावी. ढवळू नये, पातेलेच फिरवावे. रंग बिनदुधाच्या चहासारखा झाला की लगेच उतरवावे, कारण पातेल्याच्या उष्णतेने तो पुढेही गडद होत राहतो आणि मग कडवट होतो. या वेळी मुलांना ओट्यापासून लांब ठेवावे. हा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो आणि कातडीला चिकटतो. पाक भांड्यात ओतून तळभर फिरवावा. तो काचेसारखा कडक होईल, होऊ द्यावा.

अर्धा लिटर दूध पाऊण वाटी साखर घालून कोमट-गरम करावे. चार अंडी फेस न आणता फेटावीत, त्यांत दूध बारीक धारेने घालावे आणि सगळे गाळून घ्यावे. वासाला व्हॅनिला चालते. मला जायफळच आवडते. भांडे झाकून, ते पसरट ताटलीत ठेवून, निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी ओतावे आणि १६० अंशांच्या ओव्हनमध्ये पाऊण तास ठेवावे. पाण्याची भानगड एवढ्याचसाठी, की अंडी-दुधाचे मिश्रण ८० अंशांच्या आसपास थिजते आणि त्याहून फार तापले तर फुटते. पाणी खळखळा उकळू लागले की कस्टर्डला जाळी पडते. जाळी ढोकळ्याला शोभते, इथे नाही. ओव्हन नसेल तर कुकर शिट्टी काढून, अगदी मंद आचेवर, साधारण अर्धा तास. कडा घट्ट झाल्या आणि मधला भाग जरा थरथरतो आहे, अशा वेळी बाहेर काढावे. उरलेला भाग आतल्या उष्णतेने थिजतो.

मग रात्रभर फ्रिजमध्ये. यात घाई करणाऱ्यांचे नुकसान असे, की तळाची कडक साखर कस्टर्डमधला ओलावा घेऊन पातळ व्हायला एवढा वेळ घेतेच. सकाळी कडेने सुरी फिरवावी, वर ताटली उपडी धरावी आणि एका झटक्यात भांडे उलटे करावे. तळाशी थोडा पाक चिकटून राहतोच. त्यात दोन चमचे गरम पाणी घालून तो सोडवावा आणि ज्याने अंडी फेटली त्याच्या वाटीत ओतावा.