पगारातले २०० रुपये कुठं जातात?

डिसेंबरात आमच्या नागपुरात अधिवेशन भरलं, की मला एक प्रश्न हमखास येतो, "आमदार आपल्यासाठी नेमकं करतात काय?"

माझं उत्तर : सॅलरी स्लिप उघडा. 'पीटी' म्हणून २०० रुपये कापलेले दिसतात ना? तो व्यवसाय कर. १९७५ मध्ये तो आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून.

ही योजना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६० च्या दशकात त्यांनी आपल्याच भागात, सांगलीच्या तासगाव तालुक्यात, ती छोट्या प्रमाणावर करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. गावातल्या माणसानं काम मागितलं, तर सरकारनं १५ दिवसांत द्यायचं. नाहीतर बेकारी भत्ता.

आमदारानं ओळखीनं काम लावून दिलं, तर ते उपकार. कायदा करून दिलं, तर तो हक्क. मग कुणाच्या दारात ताटकळावं लागत नाही. २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदाही याच वाटेनं आला.

तेव्हा आमदार भेटले की, "माझं काम करा" एवढंच नका म्हणू. "सभागृहात काय मांडलं?" हेही विचारा.