आधी काय मागायचं

सकाळी दहा. शटर वर गेलं की मी सगळ्यांत आधी रात्री लावून गेलेलं क्लोनिंग, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, बघते. कालची डिस्क सोपी होती, मोजकेच बॅड सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे, होते, म्हणून तिच्यावर डीडीरेस्क्यू लावून घरी गेले. हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि माझ्या मते बिघडलेल्या डिस्कमधून मजकूर काढायच्या या धंद्यातला सगळ्यांत शहाणा तोच. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलं तिथं हटून न बसता पुढं जातो, आणि अडलेल्या जागांची नोंद एका फाइलीत ठेवून शेवटी त्यांच्याकडे वळतो. वीज गेली तरी त्या नोंदीवरून काम पुढं सुरू होतं. ज्या डिस्कचं वाचणारं हेड थकलेलं असतं तिला मात्र मी रात्री एकटीला सोडत नाही. तिच्यासमोर माणूस बसलेला लागतो.

सिकंदराबादेत पार्क लेनवरच्या चिनॉय ट्रेड सेंटरला सगळे सीटीसी म्हणतात. हैदराबादेत कुणाच्या संगणकाचं काहीही बिघडलं की माणूस विचारत विचारत इथं पोचतो. साडेदहापासून गर्दी होते. "मॅडम, डाटा मिलता ना?" या प्रश्नाला मी लगेच 'हौ' म्हणत नाही. उलट विचारते, बंद पडल्यावर परत किती वेळा चालू करून बघितलं? बहुतेकांनी बघितलेलं असतं, आणि नेमकं तेच महागात पडतं.

लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमधल्या चकत्या बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून फट केवढी ते समजावं. लॅपटॉप पडून हेड वाकलं असेल तर दर वेळी बटण दाबल्यावर ते चकतीवरचा लेप खरवडतं, आणि मजकूर असतो तो त्या लेपातच. टकटक आवाज येतो तेव्हा हेडला स्वतःची जागा सांगणाऱ्या खुणा वाचता येत नसतात, म्हणून त्याचा दांडा पुन्हा पुन्हा मागे येऊन आदळतो. तो आवाज ऐकला की डिस्क बंद करावी, बस. फ्रीजमध्ये ठेवून बघू नये, उघडून तर मुळीच बघू नये. १३ ऑक्टोबर २०२०च्या रात्री शहरात पाणी शिरलं, त्यानंतर कितीतरी जणांनी भिजलेल्या डिस्क तांदळाच्या डब्यात सुकवून आणल्या. सुकलेला गाळ चकतीवर घट्ट बसतो. ओली असेल तर ओलीच, पिशवीत बंद करून आणलेली बरी.

अकराच्या सुमारास एक निवृत्त मराठी शिक्षक सुनेबरोबर आले. काचीगुड्याचे. लॅपटॉप पडलेला नव्हता. आधी मंद झाला, मग विंडोज उघडेना, मग ओळखीच्या एका मुलानं त्यावर 'रिपेअर' चालवलं. ही दुरुस्ती डिस्कवर लिहिते. फाइलींची सूची स्वतःच्या समजुतीनं जुळवते आणि जे जुळत नाही ते कापून टाकते. निरोगी डिस्कवर ते चालून जातं, आजारी डिस्कवर चालवू नये. नशिबानं दुरुस्ती अर्ध्यातच अडकली होती.

आत काय आहे ते सरांनी सांगितलं. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठी घरांच्या आठवणी ते बरीच वर्षं गोळा करत आले आहेत. १९०७ साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनी शाळेत शिकलेली माणसं, सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई ज्यांनी डोळ्यांनी पाहिली ती माणसं, आणि १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यावरही इथंच राहिलेली कुटुंबं. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, त्यांचं टंकलेखन, जुने फोटो, सगळं या एका डिस्कवर.

डिस्क पीसी-३०००ला जोडली. हे रशियात तयार झालेलं यंत्र आहे, डिस्कशी तिच्या फर्मवेअरच्या, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्रॅमच्या, पातळीवर बोलतं. पहिली गोष्ट, डिस्कचे स्वतःचे उद्योग थांबवले. आजारी डिस्क खराब सेक्टर बदलायला बघते, स्वतःची तपासणी लिहून ठेवायला बघते, आणि त्यात उरलासुरला जीव घालवते. मग चारही हेडकडून थोडं थोडं वाचून घेतलं. दोन चकत्या, प्रत्येकीच्या दोन्ही बाजू, म्हणून चार हेड. शून्य, एक आणि दोन ठणठणीत. तीन क्रमांकाचं एकेका सेक्टरला सेकंद सेकंद घेत होतं.

"सर, ही डिस्क सगळं देईलच असं नाही. सगळ्यांत आधी काय हवंय?"

"सगळंच हवंय हो."

"सगळंच मागू. पण क्रम लावून मागावं लागेल."

या कामातलं सगळ्यांत नाजूक पाऊल मला हेच वाटतं, आणि ते यंत्रावर होत नाही. एक टीबीच्या डिस्कवर १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. थकलेलं हेड त्यातले किती वाचून देईल आणि कधी मान टाकेल, कुणालाच ठाऊक नसतं. जो आंधळेपणानं पहिल्या सेक्टरपासून सुरुवात करतो तो त्या हेडचा जीव विंडोजच्या फाइली वाचण्यात घालवतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला बसवून घेते, चहा मागवते आणि विचारत राहते. हे आणखी कुठं आहे? कुणाला मेलनं पाठवलं होतं? फोनमध्ये आहे? सुनेच्या फोनमध्ये नातवंडांचे फोटो निघाले, ते खाली गेले. पेन्शनचे कागद बँकेकडून परत मिळतील, तेही खाली. पुस्तकाच्या पहिल्या काही प्रकरणांची छापील प्रत घरात होती. मुलाखती उरल्या. सरांनी कागदावर नावं लिहिली, मग पेन थांबवून म्हणाले, "यातले जे आहेत त्यांच्याकडे मी परत जाईन." आणि जे आता नाहीत त्यांची नावं नव्या कागदावर वर घेतली. तो कागद मी मॉनिटरला चिकटवला.

साडेबारा. आधी सूची. विंडोजच्या डिस्कवर प्रत्येक फाइलीची नोंद एका तक्त्यात असते: नाव, आकार, ती कुठल्या कुठल्या सेक्टरांत आहे. हा तक्ता हाती लागला की अख्खी डिस्क न वाचता हव्या त्या फाइलींचेच सेक्टर मागता येतात. तक्ता चांगल्या हेडखाली होता. सरांचं फोल्डर नावानिशी पडद्यावर आलं तेव्हा मी त्यांना फोन केला. फाइली मिळाल्या असं मी सांगितलं नाही, नावं दिसली एवढंच सांगितलं.

दुपारचा डबा: ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. तोवर तीन चांगली हेड आपापला वाटा देत होती.

इथं एक गंमतशीर गोष्ट दिसते. मजकूर हेडांवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरलेला असतो, थोडा या बाजूला, मग त्या. त्यामुळे लहान फाइल बहुधा एकाच हेडच्या पट्ट्यात बसते. एक तर पूर्ण मिळते, नाही तर पूर्ण अडकते. टंकलेखनातल्या बहुतेक फाइली अशा अखंड आल्या. मोठ्या ध्वनिफितींत मात्र मध्ये मध्ये तीन क्रमांकाच्या वाट्याचे तुकडे गहाळ. मोठ्या म्हणजे किती? मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या १९५६च्याच सप्टेंबरात आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क जगापुढं आणली, २४ इंची ५० चकत्यांची, तिच्यात जेमतेम पावणेचार एमबी मावायचं. सरांची तासाभराची एक मुलाखत त्याच्या दहापटीहून जास्त जागा घेते.

साडेतीन. अमीरपेटेत राहून शिकणारा एक मुलगा आला. एसएसडी असलेला लॅपटॉप, चुकून फॉरमॅट केलेला, वर नवीन विंडोज घातलेलं, प्रोजेक्ट आत. त्याला मी तिथल्या तिथं 'नाही' म्हणून सांगितलं. एसएसडीमध्ये पुसलेली जागा मोकळी झाल्याचं विंडोज कळवतं आणि ड्राइव्ह ती आतून रिकामी करून टाकतो. दिसायला लॅपटॉप अगदी नवा होता, ओरखडासुद्धा नाही. याच्या उलट कोलंबिया अंतराळयानाचं. १ फेब्रुवारी २००३ला कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती गेले, यानाच्या अवशेषांत एक जळकी हार्ड डिस्क सापडली. तिच्यावर एका प्रयोगाच्या नोंदी होत्या. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅकनं त्यातला ९९ टक्के मजकूर काढला, आणि २००८मध्ये त्या प्रयोगाचा निष्कर्ष छापून आला. डिस्क अर्धीच भरलेली होती आणि चकत्यांना इजा झाली ती रिकाम्या भागात, म्हणून मजकूर वाचला. बाहेरून काय दिसतं यावर काही ठरवू नये. त्या मुलाला बसवून त्याचे पाठवलेले मेल, मित्रांचे व्हॉट्सअॅप आणि गाइडकडे दिलेली मधली प्रत शोधायला लावली. बरंचसं मिळालं. त्याचे पैसे मी घेतले नाहीत, मी काही काढलंच नव्हतं.

साडेचार. आता तीन क्रमांकाचं हेड, आणि फक्त कागदावरच्या वरच्या नावांसाठी. छोटा पंखा डिस्ककडे वळवला. एका वेळी थोडेच सेक्टर मागायचे, ठरावीक वेळात आलं नाही तर सोडून पुढं जायचं. पुढून जमेना तिथं उलट्या दिशेनं वाचायचं. उलटं वाचताना डिस्क पुढचं आगाऊ वाचून ठेवायच्या फंदात पडत नाही, आणि कधी कधी तेवढ्यानं सुटतं. दोन तास मी दुसरं काही केलं नाही. वेग ऐकून कुणाला पटणार नाही इतका कमी, पण आकडा हलत होता.

सेक्टर गेला म्हणजे काय गेलं, हे फाइलीवर अवलंबून असतं. सलग काही सेक्टर मिळून ४,०९६ बाइट हरवले तर फोटोत त्या रेघेखालचं सगळं बिघडू शकतं. टंकलेखनात पान-दीड पान जातं. साध्या एमपीथ्री मुद्रणात जातो तो पाव सेकंद. आवाज टपकन तुटतो आणि माणूस बोलत राहतो. सरांच्या बाबतीत आवाज मागण्यात शहाणपण होतं ते यामुळेही.

सात. सर परत आले. सूनबाईंनी पहिली टंकलिखित फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा पडला: पडदाभर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच. फाइल खराब नव्हती. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी, तो फॉन्ट संगणकात नसला की असंच दिसतं. युनिकोडच्या आधीची कितीतरी मराठी हस्तलिखितं केवळ यामुळे 'करप्ट' समजून लोकांनी पुसून टाकली असतील, याचं मला फार वाईट वाटतं. फॉन्ट घातला, मजकूर उभा राहिला. कन्व्हर्टरनं एक युनिकोड प्रत केली, काही जोडाक्षरं चुकली, ती सर तपासतील. मूळ फाइल मात्र तशीच ठेवायला सांगितली.

ध्वनिफितींची यादी छापून दिली. कुठली अखंड, कुठलीत कितव्या मिनिटाला तुटलंय. कागदावरच्या वरच्या नावांपैकी दोघांच्या फिती अजून अर्ध्याच आल्या आहेत. सरांनी त्यातली एक लावायला सांगितली, थोडं ऐकलं, मग यादीवर त्या नावापुढं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. आलेलं सगळं दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवलं. एक सरांकडे, दुसरा सूनबाईंच्या माहेरी, कोटी भागात, ठेवायचा ठरला.

आठला डिस्कची वीज काढली. राहिलेल्या दोन फिती उद्या दहाला, ती थंड असताना.